टिटवीची चाकरी

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वरच्या मजल्यावरची शिवानी गुरुवारी टोरांटोला परततेय, तिच्या हाती हे उत्तर देते. ती तिकडे पोस्टात टाकील. फोनवर आपल्या दोघींचं काही धड होत नाही. मी "जेवलीस का" विचारते, तू "हो" म्हणतेस, ते खोटं आहे हे मला कळतं आणि मला कळलंय हे तुला कळतं. त्यापेक्षा कागद बरा.

इकडचं सगळं ठीक. दिवाळी आली तशी गेली. आपण कंदील लावला नाही. खालच्या गंगुबाईंनी फराळाचं ताट दारात ठेवलं आणि बेल न वाजवताच निघून गेल्या. बाबांनी एक चकली खाल्ली. त्यांचं ब्लडप्रेशर आता बरं आहे. माझा गुडघा आहे तसाच.

तुझ्या पत्राच्या पहिल्या पानाबद्दल आज मी काही लिहीत नाही. राग मानू नकोस. दुसऱ्या पानावर तू विचारलंयस, "आई, ती बोट होती तरी काय, जिच्या मागे सलिल गेला? तो सांगायचा तेव्हा मी कधी नीट ऐकलंच नाही." त्याचं उत्तर देते. नीट तर मीही ऐकलं नव्हतं. आता बाबा सांगतात. सकाळचा चहा झाला की सुरू होतात.

मी इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पंचमहासरोवरं दरवर्षी यायची. फळ्यावर निळ्या खडूने पाच आकार काढायचे, त्यात ऑन्टॅरिओ सगळ्यात लहान, चिंचोक्याएवढा. मुलांना सांगायचे, हे समुद्र नव्हेत, गोड्या पाण्याचे तलाव आहेत. तिथे कधी आरमारी लढाई झाली असेल हे मनातसुद्धा आलं नाही. आपल्या ठाण्यात काय कमी तलाव आहेत? लोक तिथे संध्याकाळी भेळ खायला जातात.

तर झाली होती. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी. तुमच्या टोरांटोच्या काठाला इंग्रज, समोरच्या काठाला अमेरिका. एकीकडे धबधबा आणि दुसरीकडे नदीतले खळाळ, त्यामुळे समुद्रावरची मोठी लढाऊ जहाजं तलावात चढूच शकत नव्हती. मग दोन्ही बाजूंनी व्यापाऱ्यांची लहान गलबतं धरली आणि त्यांच्यावर तोफा चढवल्या. त्यातलं एक हे. दोन डोलकाठ्या, कापडी शिडं, इंग्रजी नाव प्लोव्हर. सलिल तिला टिटवी म्हणायचा. मी त्याला म्हटलं होतं, टिटवी ओरडलेली चांगली नसते रे. तर म्हणाला, "आई, ही ओरडत नाही. ही खाली गप्प बसलीय."

टिटवी बांधली होती पीठ, मीठ आणि सफरचंदं वाहायला. ओझं पोटात असायचं, म्हणून ती चालायचीही संथ आणि सरळ. युद्धाच्या पहिल्या वर्षी अमेरिकनांनी तिला पकडलं. कठडा कापून झरोके पाडले आणि वर डेकवर तोफा मांडल्या, दोन्ही बाजूंना. पोट रिकामं आणि डोक्यावर लोखंड. जरा वारा आला की ती एका अंगावर जायची आणि झरोक्यांतून पाणी आत यायचं. खलाशी आपसांत बोलायचे की ही आपल्याला एक दिवस पाण्यात घेऊन जाणार. तरी कुणी तिला सोडून गेलं नाही. चाकरी होती.

बाबांनी हे मला स्वयंपाकघरात दाखवलं. बादलीत पाणी घेतलं, लहान पातेल्यात दोन मुठी कणीक घातली आणि पातेलं सोडलं. छान तरंगलं. मग कणीक काढली, पातेल्यावर ताटली ठेवली आणि ताटलीवर खलबत्त्यातला बत्ता. क्षणभर राहिलं तसंच. मग बाबांनी नुसती फुंकर मारली. पातेलं आडवं झालं आणि बत्ता तळाशी जाऊन आपटला.

"एवढंच," बाबा म्हणाले. "एवढंच लागतं, नीला."

मी फरशी पुसून घेतली. ते बादलीपाशी बसूनच होते.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी सलिल आणि त्याचा मित्र कॉलिन पाण्याखालचे फोटो काढायचं ते यंत्र घेऊन टिटवीच्याच जागेवर गेले होते. दुपारी सोसाट्याचा वारा आला, बोट उलटली. कॉलिनला बाहेर काढलं आणि आपल्याला सलिल मिळाला नाही. एवढं मी समजून आहे. बाबा मात्र कॉलिनला अजून मेल पाठवतात. वारा कुठल्या दिशेचा होता, सलिलच्या अंगात जॅकेट होतं का, तिथून जवळचं बेट कुठलं. तलावाचा मोठा नकाशा मागवलाय, तो जेवणाच्या टेबलावर पसरलेला असतो. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

"इतकी बेटं आहेत तिथे," असं ते म्हणतात.

शिवानी खाली उतरताना दिसतेय. थांबते. गरम कपडे घाल. काठावर जास्त वेळ बसू नकोस.

तुझी,
आई

⁕

कोपर, डोंबिवली
२१ जानेवारी २०२५

चि. सौ. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

संक्रांत झाली. मी कुणाकडे गेले नाही, कुणाला बोलावलं नाही. तुझ्या माहेरून, तुझ्या आईचा फोन आला होता. त्या फार रडल्या. तू नोकरीवर जात नाहीस हे मला त्यांच्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही.

आज मला एका रविवारबद्दल लिहायचंय.

सलिल गेल्या वर्षी आला होता तेव्हा ठाण्याच्या महिपतरावांना शब्द देऊन गेला होता, आठवतं? टेंभी नाक्याजवळ त्यांचं इतिहास मंडळ आहे, महिन्याला एक भाषण असतं. जानेवारीत सलिल टिटवीवर बोलणार होता. महिपतराव डिसेंबरात घरी आले. बिचारे चपला काढायलासुद्धा तयार नव्हते. दारातूनच म्हणाले, "वहिनी, कार्यक्रम रद्द केल्याचं कळवतो सगळ्यांना. फक्त आधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं."

बाबा आतून म्हणाले, "रद्द कशाला? मी बोलतो."

मला ते मुळीच पटलं नाही. भांडले मी. म्हटलं, तुम्ही कारखान्यात जन्म घालवलात, चार माणसांपुढे कधी उभे राहिला नाहीत, आणि आता ह्या विषयावर? ते म्हणाले, "हा विषय सोडून दुसरा मला येतोय कुठे?"

महिपतरावांनी गाडी पाठवली. सभागृह लहानसं, पण भरलेलं. निम्म्या लोकांना आपलं माहीत होतं, त्यामुळे ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. बाबा उभे राहिले. तुला खरं सांगते, क्षिप्रा, ते फार चांगलं बोलले. मला सलिल दहावीला असतानाचा आठवला. तसेच हात हलवत होते.

त्यांनी टिटवीची पहिली लढाई सांगितली. तिचा तळ उथळ, म्हणून तिला किनाऱ्याच्या अगदी जवळ पाठवलं. मोठी जहाजं मागे राहिली, ही पुढे. झाडीत लपलेल्या शत्रूवर ती तोफा डागत राहिली, तोवर तिच्या आडून होड्यांतलं सैन्य किनाऱ्याला लागलं. एक गोळा तिच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून आरपार गेला. तिचं कौतुक झालं. आणि कौतुक झालं म्हणून तिच्यावर आणखी दोन तोफा चढवल्या. इथे लोक हसले. बाबा हसले नाहीत.

मग उन्हाळाभर पाठलाग. दोन्ही आरमारं एकमेकांना दिसत होती आणि दोन्ही सेनापती अंगावर जायला भीत होते. कारण तलाव हातचा गेला असता तर सगळी रसदच तुटली असती. टिटवी आपली मागे-पुढे, मागे-पुढे. शेवटच्या दिवशी दुपारी वारा पडला. शिडं लोंबत होती, पाणी तेलासारखं गुळगुळीत. कुठल्याही क्षणी लढाई जुंपेल म्हणून तोफा बाहेर काढून दोरांनी आवळून ठेवल्या होत्या. माणसं तोफांना टेकून जेवत होती. आणि आभाळ काळं झालं. दोर सोडायला, शिडं उतरवायला वेळच मिळाला नाही. शत्रूने तिला बुडवलं नाही. त्या सबंध दिवसात तिच्यावर एक गोळीही झाडली गेली नव्हती.

"ती आजही तळावर सरळ उभी आहे," बाबा म्हणाले. "डोलकाठ्यांसकट. पाणी इतकं गार आहे की काही कुजत नाही आणि काही वरही येत नाही."

एवढं बोलून ते थांबले. हे वाक्य ते घरी कधी बोलले नव्हते. त्यांच्या तोंडून ते गेलं आणि मग त्यांनी स्वतःच ऐकलं.

महिपतराव आभार मानायला उठणार इतक्यात मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. कांताबाई. चेंदणी कोळीवाड्यातल्या, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना आपल्या घरचं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "सर, ती माणसं अजून खालीच आहेत ना? मग त्यांच्या घरच्यांनी काय केलं? त्यांचे दिवस केले का?"

कुणीतरी त्यांचा पदर ओढला. बाबा पाणी प्यायले आणि म्हणाले, "काठावर एक बाग केली आहे. प्रत्येकाच्या नावाचा दगड आहे तिथे. दगडाखाली कुणी नाही."

"कधी केली?"

"फार उशिरा. तोवर वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं."

चहाच्या वेळी कांताबाई माझ्याजवळ आल्या. तोवर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हात धरून म्हणाल्या, "मी विचारलं ते चुकलं का हो?" मी म्हटलं, नाही. मग बसल्या आणि बोलता बोलता त्यांची घरची बोली आली. "माझा भाव गेला दर्यान, तो आलाच नाय. आय रोज त्याचं ताट वाढायची. आमी तिघी बहिणी बाजूला बसलेलो. तिचं लक्ष खाडीकडं. माझं लगीन झालं त्या दिवशी पन ती खाडीकडंच बघत व्हती." आणि डोळे पुसून एकदम शाळेतल्या भाषेत म्हणाल्या, "मला भावाचा राग येतो, बघा. अजूनही. त्याचा काय दोष?"

परत येताना मुंब्र्याला गाडीत बाबा म्हणाले, "नीला, आपण उशीर नको करू या."

मी विचारलं नाही कशाचा. तुझ्या पत्राचं पहिलं पान माझ्या पर्समध्ये होतं. "तो सापडेपर्यंत तिथे काहीही करू नका. मी इथे आहे. मी रोज काठावर जाते. मी आल्याशिवाय काही करायचं नाही, मला वचन द्या." मी तुला वचन दिलं नव्हतं, क्षिप्रा. मी नुसतं उत्तर दिलं नव्हतं. तुला ते वचनासारखं वाटलं असेल.

आज इतकंच.

तुझी,
आई

⁕

कोपर, डोंबिवली
९ मार्च २०२५

चि. क्षिप्रा,
आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाचू नकोस. तुझ्या शेजारच्या मुलीला बोलावून घे. ती चांगली आहे असं सलिल म्हणायचा.

दोन वेळा तुला फोन केला आणि दोन्ही वेळा गॅसबद्दल आणि आंब्यांबद्दल बोलून ठेवला. तोंडाने होत नाही, म्हणून लिहिते. आम्ही सलिलचं सगळं केलं. गेल्या आठवड्यात, शहाडला, नदीकाठी. तुला न विचारता.

मी आधी गुरुजींना विचारलं. वाटलं होतं ते म्हणतील, देह नाही तर वर्षानुवर्षं थांबावं लागेल. मला थांबायचं कारण मिळालं असतं. पण त्यांनी फक्त एक विचारलं, "जाताना बघणारं कुणी होतं का?"

बाबा म्हणाले, "होता. त्याचा मित्र. कॉलिन. त्याने त्याला पाण्याखाली जाताना पाहिलं."

सात महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा कबूल केलं. इतके दिवस ते कॉलिनला चुकीचं दिसलं असंच म्हणत होते. गुरुजी म्हणाले, मग थांबू नका. देह नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात.

ह्या दिवसांत पळसाला पानं नसतात, गं. नुसती लाल फुलं. ऋतुराज, बाबांचा पुतण्या, मुरबाडच्या पुढे कुठे कुठे हिंडला आणि गोणीभर पानं-देठं घेऊन आला. बायका घाटावर जात नाहीत म्हणून मला घरी बसायला सांगणारे बरेच निघाले. मी गेले. बाबा म्हणाले, "ती येणार."

गुरुजी सांगत गेले आणि बाबांनी पुतळा बांधला. देठांचे हात, देठांचे पाय, डोक्याच्या जागी नारळ. मी सलिलचा निळा चौकड्यांचा शर्ट नेला होता, तो मागच्या वेळी इथे विसरून गेला होता तो. पुतळा इतका लहान झाला, क्षिप्रा. सहा-सात वर्षांच्या पोराएवढा. शर्ट पायाच्या खाली लोळत होता. बाबांनी बाह्या दुमडल्या. एकदा दुमडल्या, पुरल्या नाहीत, पुन्हा दुमडल्या. शाळेत पाठवताना दुमडायचे तशा. सगळे उभे होते आणि ते आपले बाह्या दुमडत होते. शेवटी मी त्यांचा हात धरला.

मग अग्नी दिला. पानं वाळलेली होती, वेळ लागला नाही.

तिलांजली देताना मी गुरुजींना म्हटलं, त्याच्या बायकोच्या नावानेही पाणी सोडायचंय. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "नदीचं नाव आहे." मी म्हटलं, हो, आणि त्याचंही पाण्याचंच. मीच ठेवलं होतं ते. सलिल. बारशाला सगळे म्हणाले होते, किती गोड नाव आहे.

तुझ्या नावाने मी ओंजळ सोडली. तो हक्क तुझा होता आणि तो मी घेतला. त्याचं तुला वाईट वाटेल, वाटायलाच हवं. तू आली असतीस तर मी थांबले असते. पण तू तो सापडल्यावर येणार होतीस, आणि तो सापडणार नाही. बाबांनी मला समजावून सांगितलं, ते पाणी काही वर पाठवत नाही. टिटवीवरच्या पोरांनाही त्याने वर पाठवलं नाही. ती सगळी वीस-बावीस वर्षांची होती, म्हणे. कुणाच्या तरी आया असतीलच काठाकाठावर. त्यांचं पुढे काय झालं हे कुठेच मिळत नाही. बाबांनी खूप शोधलं. तोफांची वजनंसुद्धा मिळतात, आयांचं मात्र काही मिळत नाही.

घरी आल्यावर बाबांनी टेबलावरचा नकाशा काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. आम्ही टेबलावर जेवलो. मग ते मोठ्याने रडले. ऑगस्टपासून ते रडले नव्हते. मला भीती वाटत होती की हा माणूस आतल्या आत काहीतरी करून घेईल. आता रोज थोडं रडतात, मग फिरायला जातात.

आता तुझं. तुझ्या आई म्हणतात, तिला परत बोलवा. मी बोलावत नाही. तुला यायचं असेल तर हे घर तुझं आहे, सलिलच्या खोलीत मी काही हलवलेलं नाही. तिथेच राहायचं असेल तर तिथे राहा. पुढे कधी कुणी भेटलं आणि पुन्हा संसार करावासा वाटला तर आमच्याकडे बघून अडू नकोस. हे बाबांनी लिहायला सांगितलंय आणि ते बाजूला बसून बघतायत मी लिहिते की नाही. लिहिलं.

फक्त त्या काठावरून ऊठ. मला कॉलिन कळवतो, तू बर्फातसुद्धा जातेस म्हणून. तो लांब उभा राहतो, तुला दिसत नाही. तोही वाचलेला आहे, क्षिप्रा, त्याच्याशी एकदा बोल. त्याने सलिलला शेवटचं पाहिलं, एवढाच त्याचा गुन्हा.

माझ्यावर रागाव. महिनाभर फोन घेऊ नकोस, चालेल. पण तिथून उठून, घरात येऊन, दिवा लावून, काहीतरी गरम खाऊन रागाव.

सलिल होता तेव्हा होते, आणि तो नाही तरी आहे,
तुझी
आई